डीचेताईच्या शेताचा नंबर

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. तासगावात माहेरी मला ‘तिखट संपी’ म्हणायचे, आणि सौदीतल्या खमीस मुशैतला येऊन नऊ वर्षं झाली तरी त्यात फरक पडलेला नाही. हे गाव डोंगरावरचं, जानेवारीत खिडकीबाहेर धुकं असतं आणि अंगावर दोन दोन स्वेटर लागतात. पण थंड हवेनं माणसाचा स्वभाव थंड होत असता तर काय हवं होतं! अशा मला आयुष्यात एकाच बाईनं गप्प बसवलं. ती डीचे लुमेंता. तिच्याबद्दल मला सांगायचंय.

मी संपदा, एका खासगी हॉस्पिटलात डायलिसिसची नर्स. डीचेही तिथंच. वय सत्तावन्न, अंगानं बुटकी, केस बारीक कापलेले, चालायची मात्र अशी की विशीतल्या पोरी मागं पडाव्यात. मूळची इंडोनेशियाची. सुलावेसी नावाचं एक मोठं बेट आहे, त्याच्या पार उत्तरेच्या टोकाला मिनाहासा म्हणून मुलूख, तिथली. मी पहिल्यांदा तिला नुसतं ‘इंडोनेशियन’ म्हटलं तेव्हा म्हणाली, “तू नुसती इंडियन आहेस का? मग?” मी म्हटलं, नाही, मी तासगावची. “हां, तशी मी तोमोहोनची.” तोमोहोन म्हणजे तिचं गाव. मागं लोकोन नावाचा धुमसता डोंगर, भोवती मक्याची शेतं आणि लवंगेची झाडं. आमचं आपसातलं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं, वर अरबीची फोडणी. मी तिला डीचेताई म्हणायला लागले आणि तिनं ते चालवून घेतलं.

आमची पहिली गाठ पडली तीच माझी फजिती होताना. डायलिसिसच्या पेशंटच्या हातात ऑपरेशन करून एक शीर जाड करून घेतलेली असते, तिच्यात दोन सुया घालायच्या. ऐकायला सोपं आहे. मी मिरजेहून शिकून, मुंबईत सहा वर्षं काढून आलेली, मला कोण शिकवणार, असा माझा तोरा. आणि पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या असिरी, म्हणजे इथल्याच डोंगरातल्या, शेतकऱ्याच्या हातात तीनदा सुई घातली नि तिन्हीदा चुकली. म्हातारा शांत होता. “यल्ला, या बिन्ती,” म्हणाला, म्हणजे चल बेटा, घाल परत. मलाच घाम फुटला. तेव्हा डीचे आली, माझं बोट धरलं आणि त्या शिरेवर टेकवलं. “डोळे मिट,” म्हणाली. “थरथर कुठं लागते, ते बघ. मग थरथर कुठं संपते, ते बघ. सुई त्या दोन्हींच्या मध्ये.” चौथ्यांदा सुई बरोबर गेली.

आता आमच्या लाइनीत काय असतं, सीनियर बाई हातचं राखून शिकवते. सगळं सांगितलं तर आपल्याला कोण विचारणार, ही भीती. मीही तेच केलेलं आहे, खोटं कशाला बोलू. म्हणून मी संशयानं विचारलं, “हे मला का सांगितलंत?” ती म्हणाली, “बाकू बेकिंग पांदे.” म्हणजे त्यांच्याकडचं बोलणं आहे, एकमेकांना हुशार करायचं. एकानं हुशार होऊन भागत नाही, शेजारीण मठ्ठ राहिली तर त्रास आपल्यालाच. मी म्हटलं, म्हणजे मी मठ्ठ? ती म्हणाली, “आज सकाळपर्यंत होतीस.”

बया गं! असं तोंडावर बोलणारी माणसं मला आवडतात, कारण मीही तसलीच. त्या दिवशी डब्याला बसलो तर तिनं एक वाटी पुढं केली. कच्चा टोमॅटो, कांदा, लिंबू आणि मिरची. मी म्हटलं, ताई, आम्ही सांगलीकडची माणसं, आमच्या ठेच्यानं पाहुणा रडतो, मला मिरचीची भीती घालू नका. आणि चमचाभर तोंडात टाकली. त्यानंतर पाच मिनिटं मी नळाखाली जीभ धरून उभी होते आणि ती शांतपणे जेवत होती. तिथं मी हरले ते हरलेच.

पण तिची खरी ओळख झाली ती पुढं, सुट्टीच्या भानगडीत.

आमच्या युनिटमध्ये काम अकराजणींचं आणि माणसं सात. सुट्टी कागदावर सगळ्यांना होती. सुपरवायझर म्हणायची, “तुझ्या जागी माणूस उभं कर, मी सही करते.” माणूस कुठून आणायचं? दोन दोन वर्षं पोरी घरी गेल्या नव्हत्या. एकीचं पोर तिला व्हिडिओत बघून ‘मोबाईलवाली मम्मी’ म्हणायला लागलं होतं. चार वर्षांपूर्वी डीचेनं आम्हा सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत गोळा केलं आणि सांगितलं, “आपण मापालुस करू.”

मापालुस म्हणजे काय, तर तिच्या गावात शेताचं काम एकेकट्यानं करत नाहीत. आज सगळे मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या. ज्याचा नंबर त्याच्या शेतात सगळ्यांनी राबायचं. पहाटे एकजण ढोल वाजवतो, की सगळे निघाले. मी लगेच म्हटलं, हात्तिच्या, ही तर आमची सावड! आमचे आजोबा सांगायचे, बैलं नसलेल्याचं रान सगळ्यांनी मिळून नांगरायचं, त्याला इर्जिक म्हणायचे, आणि नांगरणाऱ्यांना पोटभर जेवण. डीचेचे डोळे चमकले. “तुमच्याकडं अजून करतात?” मी म्हटलं, आता ट्रॅक्टर आला. ती म्हणाली, “आमच्याकडंही आला. म्हणून तर इथं करू.”

तर ठरलं असं. एका वेळी एकीनं पंचवीस दिवस घरी जायचं. बाकीच्या सहाजणींनी तिच्या ड्यूट्या वाटून घ्यायच्या. रमजान आणि हजच्या दिवसांत कुणालाच सुट्टी नाही, म्हणून वर्षात चौघींचा नंबर लागे. जिचा नंबर लागेल तिच्या नावानं डीचे स्टीलच्या ट्रेवर कात्रीनं दोन टोले द्यायची, तो आमचा ढोल. आणि एक नियम तिनं स्वतःला लावून घेतला होता. ढोल वाजवणाऱ्याचं शेत शेवटी.

मी तेव्हा मनात म्हटलं, या बाईला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे. एकदा तसं बोललेही. तर ती तिच्या मुलखातली एक म्हण म्हणाली, “सी तोउ तिमोउ तुमोउ तोउ.” मी म्हटलं, हे काय, तबल्याचे बोल? ती हसली नाही. म्हणाली, “याचा अर्थ, माणूस जगतो तो दुसऱ्याला माणूस करायला.” शाळेत, कमानीवर, लग्नाच्या भाषणात, सगळीकडं त्यांच्याकडं हे वाक्य असतं म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडंही भिंतींवर पुष्कळ लिहिलेलं असतं, तिथंच लोक थुंकतात. यावर मात्र ती खळखळून हसली.

आता तिच्या आईचं सांगते. डीचेनं लग्न केलं नाही. घरी आई आणि धाकटी बहीण. आईला सगळे ओमा म्हणत, म्हणजे आजी. वय अठ्ठ्याऐंशी. रोज दुपारी दोन वाजता, तिकडं संध्याकाळचे सात, डीचे खोलीत येऊन व्हिडिओ लावायची. ओमा एका कानानं बहिरी, डोळ्यांनी अधू, त्यामुळं फोन इतका जवळ धरायची की आम्हाला नुसतं नाक दिसायचं. ती रोज न चुकता एकच प्रश्न विचारायची. ऐकून ऐकून मलाही तो पाठ झाला होता. पहिल्यांदा मी विचारलं, ओमा काय म्हणते, तर डीचेनं सांगितलं, “ती विचारते, तुझ्या शेताचा नंबर आला का?”

ओमा एके काळी गावात स्वतः ढोल वाजवायची, तिला आमचा मापालुस नीट समजला होता. डीचे रोज सांगायची, “आता थोडेच राहिले.” ओमा म्हणायची, “बरं.” आणि फोन बंद.

थोडेच राहिले, थोडेच राहिले, अशी चार वर्षं गेली.

मी माझ्या संसारात. नवरा उमाकांत तासगावात शाळेवर शिक्षक, मुलगी स्मृती तिथंच, सासूबाईंपाशी. यंदा तिची बारावी. पोरीनं दहावीला मला बोलावलं होतं, तेव्हा माझा नंबर नव्हता. या वेळी मात्र जानेवारीच्या शेवटी नंबर माझाच. मी दीड वर्ष आधी तिला सांगून ठेवलं होतं, बारावीला मी तुझ्या शेजारी. ती रोज विचारायची, “नक्की ना? आई, प्रॉमिस?” मी म्हणायचे, प्रॉमिस. तिच्यासाठी खजूर, पेनं, एक जाड स्वेटर, सगळं बॅगेत भरून ठेवलेलं. तिकीट काढलेलं. दिवस उरले होते सोळा.

त्या दिवशी दोन वाजता डीचे एका अवघड पेशंटपाशी अडकली होती, दोन्ही हातांत मोजे. खिशातला फोन वाजत होता. मला म्हणाली, “घे जरा, बहीण असेल, सांग मी नंतर करते.” मी फोन घेऊन बाहेर आले, बटण दाबलं आणि समोर बघते तर पलंग. ओमा पलंगावर पडलेली. तोंड एवढंसं झालेलं. बहिणीनं तिच्या तोडक्या इंग्रजीत सांगितलं की ओमा नऊ दिवसांपूर्वी पडली, खुबा मोडला, डॉक्टर म्हणाले या वयात ऑपरेशन झेपणार नाही. आता फार दिवस नाहीत.

नऊ दिवस! आणि आमची ही बाई रोज दोन वाजता बाहेर जाऊन फोन करून येत होती, आणि आम्हाला म्हणत होती, ओमा मजेत आहे.

तेवढ्यात ओमानं हात पुढं केला. बहिणीनं फोन तिच्या तोंडाजवळ नेला. तिला कोण दिसलं कुणास ठाऊक, ड्यूटीच्या कपड्यांचा निळा रंग दिसला असेल. मला डीचेच समजली. आणि तिनं तोच प्रश्न विचारला. आवाज नुसता वाऱ्यासारखा. पण शब्द तेच, मला पाठ असलेले. तुझ्या शेताचा नंबर आला का?

मी काय करायला हवं होतं, मला अजून कळत नाही. मी काही विचार केला नाही. माझ्या तोंडून गेलं, “इया.” म्हणजे हो. त्यांच्या भाषेतले मला येणारे चार शब्द, त्यातला हा एक. म्हातारीनं डोळे मिटले आणि हसली. मी फोन बंद केला, भिंतीला टेकून उभी राहिले आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली. संपदे, काय बोलून बसलीस! तुझी पोरगी तिकडं दिवस मोजतेय.

आणि मग मला असा राग आला म्हणता! स्वतःचा नव्हे, डीचेचा. तिचा पेशंट मशीनवर लागल्याबरोबर मी तिला हाताला धरून कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

“नऊ दिवस झाले. का नाही सांगितलंत?”

“नंबर तुझा आहे,” ती म्हणाली. “माझा शेवटचा.”

भिंतीवर आमच्या नंबरांचा कागद चिकटवलेला होता, जुने कागदही त्याच्याखाली तसेच. मी ते भराभरा उलटले. पहिल्या फेरीत हिचा नंबर आला तेव्हा लखनौच्या मुन्नीच्या बहिणीचं लग्न निघालं, हिनं तो मुन्नीला दिला. दुसऱ्या फेरीत दोघी नव्या आल्या, हिनं त्यांना आपल्या आधी बसवलं. त्या घरी जाऊन येईपर्यंत रमजान लागला, आणि मग पहिल्या नंबरवालीची घाई सुरू झाली, नवी फेरी. तिसऱ्या फेरीत रत्नागिरीची दर्शना आली, तीही हिच्या आधी. इथं माणसं येतात आणि जातात, म्हणजे हिचा शेवटचा नंबर शेवटी येणार तरी कधी? चार वर्षांत पंधरा वेळा कुणी ना कुणी घरी जाऊन आलं. डीचे एकदाही नाही. आणि आम्ही! आम्ही सगळ्या एवढ्या हुशार, एकीच्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं नाही असं तरी कसं म्हणू? सोयीचं होतं, म्हणून बघितलं नाही.

“ढोल वाजवणाऱ्याचं शेत शेवटी असतं,” ती परत म्हणाली.

“शेवटी असतं, कधीच नाही असं नसतं!” मी ओरडले. इतके दिवस मी तिला ताई म्हणत होते, त्या दिवशी ते ताई-बिई सगळं सुटलं. “आणि हे बघ डीचे, आठ दिवसांची इमर्जन्सी रजा तरी मिळते, तीसुद्धा तू मागितली नाहीस. तुला जायचंच नाही. खरं सांग.”

ती बाकावर बसली. मला वाटलं चिडेल. पण तिचे खांदेच पडले. मग तिनं सांगितलं. कोरोनाच्या साली तिचे वडील गेले, विमानं बंद होती. आईनंच सगळं केलं. विमानं सुरू झाली तेव्हा हिला जाता आलं असतं. पण कोणत्या तोंडानं जायचं? दारात आई असेल, आणि वडिलांची खुर्ची रिकामी असेल, आणि आई काही म्हणणार नाही. “ती काही म्हणणार नाही, त्याचीच भीती वाटते मला,” डीचे म्हणाली. “म्हणून कुणी नंबर मागितला की मला बरं वाटायचं.”

ती रडत होती. नऊ वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मलाही रडू फुटलं, पण माझं रडणंही भांडल्यासारखंच असतं.

“मग हे चांगुलपण नव्हे, हे भ्यालेपण आहे,” मी म्हटलं. “आणि तुझी ती म्हण. माणूस जगतो तो दुसऱ्याला माणूस करायला. मग आम्हाला कर की! कायम देणारी तूच? आम्ही काय नुसत्या हात पसरायला जन्माला आलो? एकदा तरी आम्हाला तुझ्या शेतात येऊ दे. तुझ्या आईला मी सांगून बसलेय, नंबर आला म्हणून. आता तिला खोटं पाडू नकोस आणि मलाही.”

तिनं बाहीनं डोळे पुसले. मग विचारलं, “तुझी मुलगी?”

“ते मी बघते,” मी म्हटलं. बघते म्हणायला काय जातं!

सुपरवायझरकडं मीच गेले. कागदावर माझ्या नावाच्या जागी तिचं नाव घातलं. बाहेर जाऊन परत यायच्या व्हिसाचा कागद दोन दिवसांत झाला. तिनं ट्रे वाजवायला घेतला नाही, म्हणून मीच कात्री घेतली आणि दोन टोले दिले. अख्खं युनिट दचकलं. असिरी म्हातारा पडल्या पडल्या म्हणाला, “काय झालं, आग लागली का?”

आणि मग घरी फोन. मी दहा वेळा मनात वाक्यं जुळवली होती, स्मृतीसमोर एकही आठवलं नाही. सरळ सांगून टाकलं. मग पोरगी म्हणाली, “म्हणजे तू येत नाहीयेस.”

“ईदनंतर येते बाळा. तिची आई जायला टेकलीय गं.”

“आणि माझी आई?” स्मृती म्हणाली. “नंबर तुझा होता ना? दीड वर्ष मी सगळ्यांना सांगतेय माझी आई येणार आहे. तुला कोण लागते ती?”

“माझ्याबरोबर काम करते.”

“मग जा, तिच्याशीच बोल.” आणि फोन बंद.

त्यानंतर बारा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी फोन केला की उमाकांत घ्यायचा. “अभ्यास करतेय,” म्हणायचा. “समजेल तिला हळूहळू.” मी म्हणायचे, बरोबर आहे तिचं. आणि खरंच बरोबर होतं. लेकराला दिलेला शब्द मोडून दुसऱ्याच्या आईचं भलं करायला निघालेली मी कोण मोठी लागून गेले? बॅगेतलं तिचं स्वेटर मी बाहेर काढायचे आणि परत घडी करून ठेवायचे. एक दिवस तर मला डीचेचाच राग आला, वाटलं, कशाला भेटलीस गं मला. मनात येतं ते येतं, लपवून काय करू.

तिकीट मिळायला आणि ड्यूट्या लावायला आठ-नऊ दिवस गेले, मग डीचे गेली. अबहाहून जेद्दा, जेद्दाहून जकार्ता, तिथून पुढं मनाडो, मग मोटारीनं तोमोहोन. दोन दिवस तिचा पत्ता नाही. आमच्या सहाजणींच्या ड्यूट्या सुरू झालेल्या, पाय सुजून पपई झालेले. दोन वाजले की मुन्नी विचारायची, “दीदी, कुछ आया?” सगळ्यांना एकच धाकधूक, पोचेपर्यंत म्हातारी राहते का.

तिसऱ्या दिवशी दोन वाजता फोन वाजला. समोर डीचे, आणि तिच्या खांद्यावर टेकवलेलं ओमाचं डोकं. जिवंत. दर्शनानं किंकाळी फोडली. आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडून फोनमध्ये डोकावत होतो.

डीचे म्हणाली, “आईनं मला शिव्या घातल्या. म्हणते, माझ्या पोरीला डोकं नाही. नवं माणूस आलं तर त्याला पुढच्या फेरीत घ्यायचं असतं. हिनं सगळ्यांना आधी घेतलं, असं कुठं असतं का?” ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. ज्या आईच्या गप्प राहण्याला ती घाबरत होती, ती आई सकाळपासून थांबायचं नाव घेत नव्हती म्हणे.

मग ओमा काहीतरी बोलली. डीचे थांबली. “संपदा कुठाय, विचारते.” मी पुढं झाले. ओमा बराच वेळ थांबत थांबत बोलली.

“ती विचारते, मी जिच्या आईचा नंबर घेतला ती पोरगी रागावली का?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या बाईशी मी एकदा खोटं बोलून चुकले होते, आणि ते निभावताना माझी दमछाक झाली होती. मी म्हटलं, हो, रागावलीय.

डीचेनं ते तिला सांगितलं. ओमानं मान हलवली, समजल्यासारखी. मग म्हणाली, आणि डीचेनं मान खाली घालून मला सांगितलं, “ती म्हणते, पोरीला सांग, मी फार दिवस लावणार नाही.”

मला पुढं काही दिसेना.

त्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर मी घरी फोन लावला आणि उमाकांतला म्हटलं, आज तिला द्यायचाच. ती न का बोलेना, फोन तिच्या कानाला लाव. त्यानं लावला. मी म्हटलं, “स्मृती, तू बोलू नकोस, नुसतं ऐक.” आणि ओमा जे म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. म्हातारीनं विचारलेलं, मी दिलेलं उत्तर, आणि तिचा निरोप.

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, गेली फोन ठेवून.

“किती वर्षांची आहे ती?” स्मृतीनं विचारलं.

“अठ्ठ्याऐंशी.”

मग नाक ओढल्याचा आवाज.

“आई,” ती म्हणाली, “तिला सांग, घाई करू नको म्हणावं. पेपर काय, मी देते.”

मी हा निरोप डीचेला कळवला. तिनं तो ओमाच्या चांगल्या कानात सांगितला. डीचेची सुट्टी होती पंचवीस दिवसांची. ती संपली, स्मृतीचे निम्मे पेपर झाले, इकडं रमजान लागला, आमच्या ड्यूट्यांच्या वेळा उलट्यापालट्या झाल्या, आणि आम्ही सहाजणींनी सुपरवायझरला सांगितलं, तिची सुट्टी वाढवा, आम्ही आहोत. डीचे पोचल्यापासून एक्केचाळिसाव्या दिवशी ओमा गेली. घाई केली नाही.